मधल्या फळीचा मानकरी : योसेफ मासोपुस्त

फुटबॉलचा सामना पाहून घरीं परतणाऱ्या प्रेक्षकाला 'आज चांगलें कोण खेळलें ?' असें विचारलें, तर तो बहुधा गोल करणाराचें नांव सांगतो. फार झालें तर अवघड चेंडू अडविणाऱ्या गोलरक्षकाचें. आघाडीची फळी आणि गोलरक्षक यांच्यामध्यें मैदानाचा जो मोठा विस्तार पसरलेला असतो, तेथें दीड तास अखंड धांवणारा, इकडचा चेंडू तिकडे पोंचविणारा, सोबत्याची चूक सांवरणारा आणि दुसऱ्यासाठीं वाट मोकळी करून देणारा जो हाफ, त्याची आठवण क्वचितच निघते. मोठ्या एकत्र कुटुंबांत घर चालविणाऱ्या वडीलधाऱ्या बाईची जी स्थिति, तीच मैदानावर या मधल्या माणसाची. तो असतो तोंवर सर्व सुरळीत चालतें, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. तो नसला म्हणजे मात्र सगळाच मेळ बिघडतो.

या रीतीला १९६२ सालीं एक ठळक अपवाद घडला. 'फ्रान्स फुटबॉल' या फ्रेंच नियतकालिकानें १९५६ पासून दरवर्षीं युरोपांतील सर्वोत्तम खेळाडूस सोन्याचा चेंडू देण्याचा प्रघात पाडला होता. निरनिराळ्या देशांतील क्रीडापत्रकारांनीं मतें द्यावयाचीं आणि सर्वांत अधिक गुण मिळतील त्याच्या हातीं तो चेंडू पडावयाचा. इंग्लंडचा स्टॅन्ली मॅथ्यूज, माद्रिदचा डि स्टेफानो अशा नामांकित मंडळींच्या मागून त्या वर्षीं ६५ गुण मिळवून पहिला आला तो प्रागच्या डुक्ला संघाचा डावा हाफ योसेफ मासोपुस्त. पोर्तुगालचा प्रख्यात आघाडीवीर एउसेबिओ ५३ गुणांवर राहिला. पूर्व युरोपांतील साम्यवादी राष्ट्राच्या वाट्याला हा मान प्रथमच येत होता. हा मनुष्य कोण, तो कोठून आला, आणि खेळ सोडून दुसऱ्यांना खेळविण्याचें काम अंगावर घेतल्यावर त्याच्या हातून काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. कारण मोठा खेळाडू आणि मोठा शिक्षक हे दोन्ही गुण एका ठायीं क्वचितच नांदतात.

मासोपुस्तचा जन्म ९ फेब्रुवारी १९३१ रोजीं उत्तर बोहेमियांतील मोस्त शहराजवळच्या स्त्रझिमित्से नांवाच्या लहानशा खेड्यांत एका खाणकामगाराच्या घरीं झाला. चेक भाषेंत 'मोस्त' म्हणजे पूल, आणि 'मासोपुस्त' म्हणजे ख्रिस्ती उपासाचे दिवस सुरू होण्यापूर्वींचा, आपल्याकडील शिमग्यासारखा सोंगांचा व खाण्यापिण्याचा सण. परंतु त्या मुलखाच्या नशिबीं सणापेक्षां कष्टच अधिक. जमिनीखालीं तपकिरी कोळशाचे जाड थर, आणि वरच्या लोकांचें सारें जिणें त्या कोळशाशीं बांधलेलें. १९३८ च्या म्यूनिच करारानें हा सीमाप्रदेश हिटलरच्या जर्मनीला देऊन टाकण्यांत आला तेव्हां योसेफ सात वर्षांचा होता. महायुद्ध संपलें तेव्हां चौदा. अशा मुलखांतल्या पोरांना फुटबॉलइतका स्वस्त आनंद दुसरा कोणता ? एक चेंडू, थोडीशी मोकळी जागा आणि धांवण्याची हौस एवढ्यावर तो खेळ उभा राहतो.

चेक लोकांचा फुटबॉल मात्र पोरखेळ नव्हता. त्याला स्वतःची परंपरा होती. प्रागच्या स्लाव्हिया संघानें १९०५ सालीं जॉन मॅडन नांवाच्या स्कॉटिश खेळाडूला शिक्षक म्हणून आणलें आणि तो १९३० पर्यंत, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षें, तेथें शिकवीत राहिला. चेंडू उंच उडवून त्याच्यामागें धांवत सुटण्याऐवजीं तो जमिनीसरसा ठेवावा आणि लहान लहान पासांनीं एकमेकांकडे देत पुढें न्यावा, ही स्कॉटिश पद्धति बोहेमियांत चांगलीच रुजली. प्रतिपक्षाच्या दोन खेळाडूंच्या मधल्या फटींतून हळूच सरकवून दिलेल्या चेंडूला तेथें 'उलिचका', म्हणजे बोळ किंवा गल्ली, असें नांव पडलें. याच कौशल्याच्या जोरावर १९३४ सालीं चेकोस्लोव्हाकियानें जगज्जेतेपदाच्या स्पर्धेंत अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. रोम शहरांत झालेल्या त्या सामन्यांत पहिला गोल त्यांनींच केला. परंतु इटलीनें बरोबरी साधून जादा वेळांत २-१ असा जय मिळविला. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचीच पुनरावृत्ति व्हावयाची होती.

मासोपुस्त प्रथम मोस्तच्या संघांत खेळला, १९५० सालीं तेप्लित्से येथील पहिल्या श्रेणीच्या संघांत गेला, आणि १९५२ सालीं सैन्याच्या संघांत दाखल झाला. हाच संघ १९५६ पासून डुक्ला या नांवानें ओळखला जाऊं लागला. डुक्ला ही कार्पेथियन पर्वतांतील खिंड. १९४४ च्या शरद् ऋतूंत तेथें फार रक्तपाताची लढाई झाली होती, तिच्या स्मरणार्थ हें नांव. सक्तीच्या लष्करी सेवेसाठीं देशांतला प्रत्येक धडधाकट तरुण यावयाचाच, तेव्हां चांगले खेळाडू वेंचून घेणें सैन्याला सहज शक्य होतें. साहजिकच प्रागच्या सामान्य प्रेक्षकाचें प्रेम जुन्या स्पार्ताकडे आणि स्लाव्हियाकडे राहिलें. डुक्लाचा जय तो पाही, पण त्यांत त्याला आपलेपणा वाटत नसे. मासोपुस्तच्या काळांत या संघानें आठ वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, आणि तरीहि घरच्या मैदानावर तो पुष्कळदां परकाच राहिला. सत्तेच्या आश्रयानें मिळालेल्या यशाला लोक किंमत मोजतात ती अशी. मासोपुस्तचा खेळ मात्र त्या रागाला अपवाद ठरला. संघ न आवडणाऱ्यालाहि हा खेळाडू आवडे.

तो दिसावयास भव्य नव्हता. वेगानेंहि डोळे दिपविणारा नव्हता. आपल्या गोलाच्या बाजूला चेंडू हिसकावून घ्यावा, मान वर करून सारें मैदान एकदां न्याहाळावें, आणि मग एकामागून एक अडवायला येणाऱ्या खेळाडूंना अंगाच्या नुसत्या झोंकानें चुकवीत नागमोडी वाटेनें पुढें निघावें, ही त्याची खूण. बर्फावरून रोवलेल्या काठ्यांमधून वळणें घेत घसरत जाण्याची जी शर्यत असते तिला स्लॅलम म्हणतात. 'मासोपुस्तचा स्लॅलम' हा शब्दप्रयोग त्याच्या देशांत रूढ झाला. परंतु ही धांव स्वतःसाठीं क्वचितच असे. तीन माणसें आपल्याकडे ओढून घ्यावींत, त्यामुळें जी जागा रिकामी होई तेथें सोबती पोंचावा, आणि नेमक्या क्षणीं चेंडू त्याच्या पायाशीं यावा, असा त्यामागें हिशेब असे. बचाव आणि हल्ला या दोन कांठांना जोडणारा तो पूल होता.

१९६२ सालची जगज्जेतेपदाची स्पर्धा दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत भरली. रुडोल्फ व्हितलाचिल याच्या मार्गदर्शनाखालीं गेलेल्या चेकोस्लोव्हाक संघाकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. पहिल्या सामन्यांत त्यांनीं स्पेनला १-० असें हरविलें. दुसरा सामना २ जून रोजीं व्हिन्या देल मार येथें ब्राझीलशीं होता, आणि त्यांत जी गोष्ट घडली तिच्यामुळें मासोपुस्तचें नांव जयापजयाच्या पलीकडे गेलें. ब्राझीलचा एकवीस वर्षांचा पेले, त्या वेळचा जगांतील सर्वांत धोकादायक आघाडीवीर, एक जोराचा फटका मारतांना मांडीचा स्नायु दुखावून बसला. त्या काळीं जखमी खेळाडूच्या जागीं दुसरा घेण्याची सोय नव्हती. तो बाहेर गेला असता तर संघाला दहाजणांवर खेळावें लागलें असतें. म्हणून पेले लंगडत लंगडत बगलेवर उभा राहिला. चेंडू त्याच्याकडे आला म्हणजे मासोपुस्त आणि त्याचे सोबती समोर येऊन उभे राहत. पण त्याच्या अंगावर धांवून जात नसत. त्यानें चेंडू दुसऱ्याकडे द्यावा किंवा रेषेबाहेर जाऊं द्यावा एवढी सवड ते त्याला देत. पंचांनीं तसें सांगितलें नव्हतें, आणि नियमांच्या पुस्तकांतहि तसें कोठें लिहिलेलें नाहीं. सामना बरोबरींत सुटला. पेलेनें पुढें अनेकदां या वागणुकीचा कृतज्ञतेनें उल्लेख केला.

येथें व्यवहारी मनुष्य विचारील कीं हा चांगुलपणा कीं भोळेपणा ? जगज्जेतेपदाच्या स्पर्धेंत, सबंध राष्ट्राची प्रतिष्ठा पणाला लागलेली असतांना, प्रतिस्पर्ध्याचा दुबळेपणा न साधणें हा आपल्या संघावर अन्याय नव्हे काय ? प्रश्न खोटा नाहीं. त्याचें उत्तर दोन आठवड्यांनीं, आणि तेंहि मोठ्या कठोरपणें, दिलें गेलें.

चेकोस्लोव्हाकिया मेक्सिकोविरुद्ध ३-१ असा हरला, तरी गटांत दुसरा येऊन पुढें गेला. उपान्त्यपूर्व सामन्यांत हंगेरीवर १-० आणि उपान्त्य सामन्यांत यूगोस्लाव्हियावर ३-१ असा जय मिळाला. गोलरक्षक व्हिलियम श्रोइफ याचा त्यांत फार मोठा वांटा होता. १७ जून रोजीं सांतियागो येथील राष्ट्रीय मैदानावर, सुमारें ६८ हजार प्रेक्षकांसमोर, पुन्हां ब्राझीलशीं गांठ पडली. पंधराव्या मिनिटाला आडोल्फ शेरेरनें बचावाच्या फळींतून चेंडू अचूक सरकवून दिला. तीच ती 'उलिचका'. मागून धांवत आलेला मासोपुस्त त्या बोळांतून आंत शिरला आणि डाव्या पायानें त्यानें चेंडू गिल्मारच्या पलीकडे जाळ्यांत लोटला. एरवीं दुसऱ्यासाठीं वाटा काढणाऱ्या या माणसासाठीं त्या दिवशीं दुसऱ्यानें वाट काढून दिली होती.

हा आनंद दोनच मिनिटें टिकला. ब्राझीलतर्फे बरोबरीचा गोल करणाऱ्याचें नांव आमारिल्दो. आणि आमारिल्दो हा त्याच जखमी पेलेच्या जागीं घेतलेला खेळाडू होता! उत्तरार्धांत झितो आणि व्हाव्हा यांनीं आणखी दोन गोल केले. सामना ३-१. अट्ठावीस वर्षांपूर्वीं रोममध्यें घडलें तेंच सांतियागोंत घडलें : पहिला गोल चेकांचा, जय दुसऱ्याचा. दैवानें चांगुलपणाचें बक्षीस म्हणून जगज्जेतेपद दिलें नाहीं, हें स्पष्ट आहे. परंतु त्याच वर्षाअखेर युरोपच्या पत्रकारांनीं पराभूत संघाच्या हाफला पहिला क्रमांक दिला. जिंकलेल्याच्याच गळ्यांत माळ घालण्याची जगाची संवय पाहतां, ही गोष्ट लहान नव्हे.

तो सोन्याचा चेंडू त्याला मिळाला तो प्रसंगहि त्या काळाचें चित्र डोळ्यांपुढें उभें करतो. मार्च १९६३ मध्यें युरोपियन चषकाच्या सामन्यासाठीं बेन्फिका संघ प्रागला आला होता. खेळ सुरू होण्यापूर्वीं मैदानावरच तो चेंडू मासोपुस्तच्या हातीं देण्यांत आला. एउसेबिओनें त्याचें अभिनंदन केलें. शिट्टी वाजली आणि खेळ सुरू झाला. सामना संपल्यावर युरोपचा हा सर्वश्रेष्ठ खेळाडू सोन्याचा चेंडू आपल्या खेळाच्या पिशवींत टाकून ट्रामनें घरीं गेला. मेजवानी नाहीं, मिरवणूक नाहीं. राज्यकर्त्यांच्या दृष्टीनें खेळ हा सामुदायिक पराक्रम. एकट्याचा गौरव पाश्चात्त्य पत्रकारांनीं करावा यांत त्यांना विशेष रुचि नव्हती. परदेशच्या संघांत जाऊन आपल्या कलेचें मोल घेण्याचीहि मुभा त्या दिवसांत नव्हती.

राष्ट्रीय संघाकडून तो १९५४ ते १९६६ पर्यंत ६३ सामने खेळला. १९६७ सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, त्यानें डुक्लाबरोबर युरोपियन चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत धडक मारली. त्या फेरींत डुक्लाला हरविणारा ग्लासगोचा सेल्टिक संघच पुढें त्या वर्षींचा विजेता ठरला. पुढच्या वर्षीं, १९६८ सालीं, त्याला एकदांची परदेशीं जाण्याची परवानगी मिळाली. ब्रसेल्स शहराच्या मोलेनबेक भागांतील क्रॉसिंग नांवाच्या दुसऱ्या श्रेणीच्या संघांत तो खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी नात्यानें रुजू झाला आणि वर्षभरांत त्यानें त्या संघाला पहिल्या श्रेणींत नेऊन बसविलें.

येथून त्याच्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू होतो, आणि तो पहिल्याइतका सोपा नाहीं. ज्याला खेळ उपजत आला त्याला तो दुसऱ्याला उलगडून सांगणें कठीण जातें. समोरच्याची चाल चेंडू येण्यापूर्वींच ओळखणारा मनुष्य, तुम्ही ती ओळखलीत कशी, या प्रश्नाला काय उत्तर देणार ? उत्तम गवयाच्या घरीं शिष्य तयार होईलच असें नाहीं, तसेंच हें आहे. १९७३ ते १९७६ पर्यंत मासोपुस्तनें आपल्या जुन्या डुक्ला संघाला मार्गदर्शन केलें. पण विजेतेपद हातीं आलें नाहीं.

१९७६ सालीं तो मोरावियाची राजधानी जी ब्रनो, तेथील झ्ब्रोयोव्का संघाकडे गेला. झ्ब्रोयोव्का म्हणजे शस्त्रांचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धांत भारतीय सैनिकांच्या हातीं जी 'ब्रेन' नांवाची हलकी मशीनगन होती, तिच्या नांवांतील पहिलीं अक्षरें याच ब्रनो शहराचीं, आणि उरलेलीं इंग्लंडांतील एन्फील्डचीं. या कारखान्याच्या नांवानें चालणाऱ्या संघाला राष्ट्रीय विजेतेपद कधींच लाभलें नव्हतें. सैन्याप्रमाणें देशभरांतून खेळाडू वेंचून आणण्याची सोय त्याला नव्हती. बहुतेक मुलें मोरावियांतलींच. मासोपुस्तनें याच माणसांतून संघ बांधला. १९७७ सालीं वर्षाचा उत्कृष्ट राष्ट्रीय खेळाडू ठरलेला कारेल क्रौपा हा त्यांतला मुख्य आघाडीवीर. १९७७-७८ च्या हंगामांत या संघानें राष्ट्रीय विजेतेपद पटकाविलें. त्या क्लबाच्या इतिहासांतील तें एकमेव विजेतेपद होय. १९८० सालीं तो देशांत दुसरा आला आणि त्याच हंगामांत युएफा चषकाच्या उपान्त्यपूर्व फेरींत पोंचला. तेथें त्याला हरविणाऱ्या फ्रांकफुर्टच्या संघानेंच पुढें तो चषक जिंकला. त्याच वर्षीं मॉस्को ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत पूर्व जर्मनीविरुद्ध एकमेव गोल करून चेकोस्लोव्हाकियाला सुवर्णपदक मिळवून देणारा यिंद्रझिख स्वोबोदा हाहि याच ब्रनोच्या संघांतला खेळाडू होता.

ज्या मनुष्यानें जन्मभर सैन्याच्या संघांतून आठ विजेतेपदें मिळविलीं, त्याच्या प्रशिक्षकपणाचें सार्थक मात्र एका कारखान्याच्या संघांत झालें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. तेथें यश आयतें मिळण्यासारखें नव्हतें. म्हणूनच तें मिळालें तेव्हां सगळें शहर त्यांत आनंदानें सामील झालें. डुक्लाच्या दिवसांत जें लोकप्रेम संघाला लाभलें नव्हतें, तें ब्रनोंत लाभलें.

पुढचा टप्पा दुःखाचा आहे. बेल्जममधील हासेल्ट संघाचें काम संपवून तो परतला आणि १९८४ सालीं राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. १९८६ च्या जगज्जेतेपदाच्या पात्रता-सामन्यांत पश्चिम जर्मनीनें प्रागमध्यें येऊन ५-१ असा दणदणीत जय मिळविला. त्या गटांतून पश्चिम जर्मनी व पोर्तुगाल पुढें गेले. १९८८ च्या युरोपियन स्पर्धेचा दरवाजाहि डेन्मार्कनें अडविला. १९८७ अखेर मासोपुस्तनें तें पद सोडलें. सोन्याचा चेंडू मिळविणारा खेळाडू आपल्या राष्ट्राला एकाहि मोठ्या स्पर्धेंत नेऊं शकला नाहीं, हें सत्य झांकण्यांत अर्थ नाहीं. तरीहि १९९० सालीं इटलींत पांच गोल करून गाजलेला तोमास स्कुहरावी राष्ट्रीय संघांत प्रथम आला तो १९८५ सालीं, मासोपुस्तच्याच कारकीर्दींत. पेरणाराच्या हातीं पीक येतेंच असें नाहीं. त्यानंतर १९८८ ते १९९१ पर्यंत मासोपुस्त दूर इंडोनेशियांत तरुण खेळाडूंना शिकवीत होता.

या माणसाच्या आयुष्याकडे मागें वळून पाहिलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. ज्या ज्या नांवांनीं त्याची ओळख सांगावयाची, तीं एकेक करून पुसून गेलीं. स्त्रझिमित्से हें जन्मगांव कोळशाच्या उघड्या खाणीसाठीं जमीनदोस्त झालें. जुनें मोस्त शहरहि त्याच कोळशासाठीं पाडण्यांत आलें; तेथील एक प्राचीन देऊळ, म्हणजे ख्रिस्ती चर्च, तेवढें वांचविण्यासाठीं १९७५ सालीं रुळांवरून ८४१ मीटर दूर सरकविण्यांत आलें. १९९२ च्या अखेरीस चेकोस्लोव्हाकिया हें राष्ट्रच दुभंगलें. ज्या डुक्लासाठीं तो खेळला तो मूळ संघ १९९६ सालीं प्रझिब्रामच्या संघांत विलीन झाला; पुढें त्याचें नांव दुसऱ्या एका क्लबानें धारण केलें. गांव गेलें, शहर गेलें, संघ गेला, देशाचा नकाशा बदलला.

मग राहिलें काय ? २००३ सालीं चेक फुटबॉल संघटनेनें गेल्या पन्नास वर्षांतील आपला सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून मासोपुस्तची निवड केली. पुढच्याच वर्षीं पेलेनें जगांतील थोर खेळाडूंची यादी केली, तींत त्याचें नांव घातलें. २००३ सालींच सोन्याचा चेंडू पुन्हां एका चेक खेळाडूकडे, पावेल नेडव्हेडकडे, आला; मध्यें एकेचाळीस वर्षें लोटलीं होतीं, आणि नेडव्हेडहि मधल्या फळींतलाच. २९ जून २०१५ रोजीं चौऱ्याऐंशींव्या वर्षीं मासोपुस्त प्रागमध्यें निवर्तला. नव्या मोस्त शहरांतील फुटबॉलच्या मैदानाला आज त्याचें नांव आहे.

सामन्याचे आंकडे पुस्तकांत मिळतात, आणि १९६२ च्या अंतिम सामन्याचा आंकडा ब्राझीलच्या बाजूचा आहे. तो बदलत नाहीं. परंतु त्या स्पर्धेची गोष्ट जेव्हां जेव्हां सांगितली जाते तेव्हां लंगडणाऱ्या पेलेसमोर हात आंखडून उभा राहिलेला डावा हाफ तींत येतोच. आपल्या मुलांना मैदानावर पाठविणाऱ्या आईबापांनीं जिंकण्याची इच्छा त्यांच्या मनांत अवश्य घालावी. त्याबरोबर ही गोष्टहि एकदां सांगावी. समोरचा दुबळा झाला असतांना त्याला सांवरावयास क्षणभर सवड देणें, हेंहि त्यांच्या शिक्षणांत मोडतें, आणि तें कोणत्याहि प्रशिक्षकाच्या फळ्यावर काढलेल्या आकृतींत सांपडत नाहीं.